सिरका सालन आहे, औषध नाही





या महिन्यात मला एक दुरुस्ती छापायची आहे. चूक माझीच आहे, म्हणून दुरुस्तीही मीच लिहिते.

साधारण दोन वर्षांपूर्वी याच पानावर मी सफरचंदाचा सिरका घरी कसा करावा ते लिहिले होते. कृती बरी होती. तुमच्यापैकी अनेकींनी करून पाहिली आणि तसे कळवलेही. पण लेखाच्या शेवटी मी एक वाक्य जोडले होते, की रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे सिरका घेतल्यास शुगर आणि वजन दोन्ही उतरते. हे वाक्य मी कुठे वाचले होते? मोबाइलवर आलेल्या एका संदेशात. तो कुणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, हे मी तपासले नव्हते. वर्गात मुलांना मी रोज सांगते की उत्तराखाली कारण लिहा, आणि स्वतः मात्र विनाकारण उत्तर छापून मोकळी झाले.

माझ्या खालाने ते वाक्य कात्रीने कापून फ्रिजच्या दारावर चिकटवले. भाचीचे नाव मासिकात आले याचा तिला कोण अभिमान! खालाला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी आणि वर्षातून दोनदा तपासणी, एवढ्यावर तिचे बरे चालले होते. सिरक्याची पहिली बाटली मीच तिला नेऊन दिली. महिनाभर तिने गोळी आणि सिरका दोन्ही घेतले. घरच्या मशीनवर आकडा थोडा कमी दिसला, तेव्हा तिने संध्याकाळची गोळी सोडली. मग सकाळचीही सोडली. कुणालाच सांगितले नाही. तिला वाटले, गोळीने पोट बिघडते, त्यापेक्षा हे घरचे आहे, हलाल आहे, सुन्नतचे आहे.

साडेतीन महिन्यांनी एका लग्नात नव्या चपलेने तिच्या पायाच्या करंगळीजवळ फोड आला. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे तिला तो दुखलाच नाही. पू झाला, ताप आला, तेव्हा घरात कळले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, पूर्वी ७.२ असायची. ती १०.४ निघाली. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" खालाने डॉक्टरांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तूच तर छापलं होतंस ना गं?"

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. बोट वाचले, अलहमदुलिल्लाह. पण आता गोळीबरोबर रात्री इन्सुलिनचे इंजेक्शनही लागते.

त्या नऊ दिवसांत पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मी सिरक्याबद्दल जे वाचायला हवे होते ते वाचले. दोन वर्षे उशिरा. त्यातले तुमच्या उपयोगाचे इथे सांगते.

आधी हदीसबद्दल, कारण आपल्या घरांत सिरक्याची चर्चा तिथूनच सुरू होते. ह. जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घरच्यांकडे भाकरीबरोबर खायला सालन मागितले. घरात सिरक्याशिवाय काही नव्हते. आपण तोच मागवून घेतला, त्याच्याबरोबर जेवू लागले आणि सिरका चांगले सालन असल्याची तारीफ केली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मी ती लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातला 'सालन' हा शब्द माझ्या कानावरून नुसता निघून जायचा. भाकरी बुडवून खाण्याचे, जेवणातले सालन. या रिवायतीत आजाराचे नाव नाही, चमच्यांचा हिशेब नाही, उपाशीपोटी नाही आणि सफरचंदही नाही. मला तर त्यात दिसते ते हे की घरात जे होते ते नाक न मुरडता खाल्ले आणि वर घरच्यांचे मन राखले. आपण त्यातून शुगरची गोळी तयार केली. आणि जी सुन्नत म्हणून खालाला इतकी प्रिय, त्या सुन्नतमध्ये आजारी पडल्यास इलाज करा हीही शिकवण आहे, ती मात्र फ्रिजवर कुणी चिकटवत नाही.

मग सिरक्यात काहीच गुण नाही का? आहे, थोडासा आहे. नेमका किती, हे समजले तर माणूस फसत नाही.

२००४ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या कॅरल जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० ग्रॅम सफरचंदाचा सिरका ४० ग्रॅम पाण्यात मिसळून दिला आणि लगेच पिष्टमय जेवण दिले, म्हणजे मैद्याचा पाव, लोणी, संत्र्याचा रस. ज्यांचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हते, पण अजून मधुमेह झाला नव्हता, त्यांच्यात जेवणानंतरची साखर बऱ्यापैकी आटोक्यात राहिली. ज्यांना आधीच मधुमेह होता त्यांच्यात फायदा कमी दिसला. सिरक्याने जठर थोडे हळू रिकामे होते आणि पिष्ट पचायला वेळ लागतो, म्हणून साखर एकदम न चढता सावकाश चढते, असे त्याचे कारण मानले जाते. लक्षात घ्या, ही गोष्ट एका जेवणाची आहे. जेवणाबरोबर घेतलेला सिरका त्या जेवणापुरता थोडी मदत करतो. उपाशीपोटी घेतलेल्या सिरक्यासमोर पचवायला जेवणच नसते! माझे छापलेले वाक्य त्या अर्थानेही उलटेच होते.

वजनाबद्दल जपानमधला २००९ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. स्थूल माणसांना १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिलिलिटर सिरका पेयातून दिला. वजन किती कमी झाले? एक ते दोन किलो. आणि सिरका थांबवल्यावर ते पुन्हा चढू लागले. त्यानंतर २०२४ मध्ये लेबनॉनमधील तरुणांवरचा एक अभ्यास जगभर गाजला. १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरते असा त्यात दावा होता, आणि आपल्या मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी संदेशांना त्यामुळे नवा जोर आला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो अभ्यास छापणाऱ्या ब्रिटिश नियतकालिकानेच तो मागे घेतला, कारण त्यातील आकडेवारीवर विश्वास ठेवता येत नाही असे तज्ज्ञांच्या तपासणीत आढळले. संदेश मात्र अजून फिरत आहेत. त्यांना कोण मागे घेणार?

आता खालाला इन्सुलिन सुरू झाल्यामुळे मला आणखी एक अभ्यास महत्त्वाचा वाटला. स्वीडनमध्ये २००७ साली इन्सुलिन घेणाऱ्या दहा रुग्णांवर सिरक्याचा परिणाम पाहिला गेला. दीर्घ मधुमेहामुळे त्यांचे जठर आधीच मंद झालेले होते. सिरक्याने ते आणखी मंद झाले. अशा वेळी इन्सुलिन आपले काम सुरू करते आणि अन्न मात्र अजून जठरातच असते. साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्या घरातल्या प्रत्येक माणसाने हे वाक्य दोनदा वाचावे.

इतके सांगून झाल्यावर कृती देते. होय, मी सिरका करणे सोडलेले नाही. आमच्या जेवणात तो रोज असतो. मागच्या कृतीतही थोडी सुधारणा आहे.

एक किलो सफरचंदे घ्या. काश्मीर आणि हिमाचलचा माल ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत भरपूर येतो, तेव्हा स्वस्त पडतो. थोडी डागाळलेली, मऊ पडलेली चालतात, सडलेली नाही. परदेशी चकचकीत सफरचंदांवर मेणाचा थर असतो, ती टाळा किंवा कोमट पाण्यात चांगली चोळून धुवा. साल काढू नका. सालीवर नैसर्गिक यीस्ट असते आणि पहिले काम तेच करते. बारीक फोडी करून स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या, तीन लिटरच्या काचेच्या बरणीत भरा. चिनी मातीची बरणीही चालेल, झिलई उडालेली नको. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवून ते ओता. वरची पाव बरणी रिकामी राहू द्या, कारण फेस येतो.

पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियमची भांडी या कामाला अजिबात वापरू नका. आंबट पदार्थ धातू विरघळवून घेतो. आपल्या दादी-नानी पितळेच्या पातेल्यांना कल्हई करून घेत ती याच कारणाने.

तोंडावर मलमलचा कपडा दुहेरी करून रबराने बांधा. झाकण घट्ट लावू नका. आत वायू तयार होतो आणि बरणी फुटू शकते. कपडा बांधला नाही तर चिलटे आत जातात, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती कुठून येतात ते अल्लाहच जाणे. बरणी उन्हापासून दूर ठेवा. पहिला आठवडा दिवसातून दोनदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळा, म्हणजे वर तरंगणाऱ्या फोडी ओल्या राहतील आणि बुरशी धरणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात. दोन आठवड्यांत फोडी खाली बसतात, फेस थांबतो. मग गाळून फोडी फेकून द्या आणि पाणी पुन्हा रुंद तोंडाच्या बरणीत, कपड्याखाली, सहा ते आठ आठवडे ठेवा. आता ढवळायचे नाही.

काही दिवसांनी वर सायीसारखा एक थर जमतो, हाताला जरा रबरासारखा लागतो. इंग्रजीत त्याला सिरक्याची 'आई' म्हणतात. ही आई म्हणजे ॲसिटोबॅक्टर नावाच्या जीवाणूंनी विणलेली चादर. तिला घाबरू नका. पातळ, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा आला तर तोही काढून टाकता येतो. पण हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरवर काढून बाकीचे वापरायचा मोह करू नका. सगळे ओतून द्या. मी दोनदा ओतले आहे. दोन्ही वेळा जुलै महिना होता. म्हणून आता पावसाळ्यात बरणी लावत नाही, ऑक्टोबर लागला की लावते.

पूर्ण तयार झाल्यावर गाळून बाटली गळ्यापर्यंत भरा आणि आता झाकण घट्ट लावा. तयार सिरक्याला हवा लागत राहिली तर तेच जीवाणू आम्लही खाऊन टाकतात आणि सिरका पाणचट होतो.

आता तो प्रश्न, जो मला आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारला. किण्वन शिकवत होते. साखरेपासून यीस्ट अल्कोहोल बनवते आणि मग जीवाणू हवेच्या मदतीने अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल बनवतात, हे फळ्यावर लिहिले. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी सिरका तयार होण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे दाखवले, तेही सांगितले. मुलगी उठली. "टीचर, म्हणजे मध्ये दारू होते? मग सिरका हराम नाही का?" वर्ग हसला. मला प्रश्न फार आवडला. फ्रेंचांचा 'व्हिनेगर' हा शब्दच मुळी 'आंबट वाइन' अशा अर्थाचा आहे. आपला सिरका फारसीतून आला. मराठीत तो शिरकाही होतो.

मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारले. वस्तूचा मूळ स्वभावच बदलून गेला की तिचा हुकूमही बदलतो, आणि जे आपोआप सिरका झाले ते हलाल, यावर सर्व फिक्ही मजहब एकमत आहेत. मतभेद आहे तो तयार दारूत काही टाकून मुद्दाम सिरका करण्याबद्दल. हनफी मजहबात तसा झालेला सिरकाही चालतो, शाफई मजहबात चालत नाही. आम्ही कोकणी बहुतेक शाफई आणि माझी शेजारीण मराठवाड्याची, हनफी, त्यामुळे हा फरक आमच्या दोन स्वयंपाकघरांच्या भिंतीवरून रोज जातो म्हणा ना! मी माझ्यापुरती सोपी वाट धरली आहे. सुरुवातीपासून नियत सिरक्याचीच, मध्ये वरून काहीही टाकत नाही, आणि पूर्ण होईपर्यंत चाखत नाही. तुम्ही तुमच्या आलिमांना विचारून घ्या.

पण चाखायचे नाही तर तयार झाला हे कसे ओळखावे? नाकाने. मधल्या काळात गोडसर, नशिल्या पेयासारखा वास येतो. तो पूर्ण जाऊन नाकात झोंबणारा, निव्वळ आंबट वास राहिला पाहिजे. शंका असेल तर आणखी पंधरा दिवस ठेवा, नुकसान काही नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एक उद्योग केला. सुट्टीत मुलींना बरोबर घेऊन सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिनने माझ्या सिरक्याची आम्लता मोजली. नुसत्या सालींपासून आणि चमचाभर साखरेपासून केलेल्या जुन्या बाटलीत आम्ल निघाले २.४ टक्के. वर दिलेल्या प्रमाणाने केलेल्या बाटलीत ४.१ टक्के. आपल्या देशात बाजारात विकल्या जाणाऱ्या सिरक्यात ३.७५ टक्क्यांहून कमी आम्ल चालत नाही. म्हणजे घरचा सिरका कधी बाजारासारखा, कधी निम्म्या ताकदीचा. चव घेऊन हा फरक कळत नाही, मला तरी कळला नव्हता. याचा अर्थ असा, की महिनोन्महिने बाहेर टिकवायच्या भाज्यांच्या लोणच्यांना घरचा सिरका वापरू नका. आम्ल कमी पडले तर लोणच्यात घातक जीवाणू वाढू शकतात. त्यासाठी बाजारातला, आम्लाचे प्रमाण छापलेला सिरका घ्या. आणि बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिले आहे का तेही पाहा. तो फळांपासून झालेला नसतो, ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेला असतो. भांड्यांचे डाग काढायला उत्तम.

वापरायचा कसा? जेवणात. काकडी-टोमॅटोच्या कचुंबरीवर चमचाभर. गोश्त मऊ होण्यासाठी मसाल्यात. डाळीत लिंबाऐवजी. कांद्यात तर हवाच, ती कृती शेवटी देते. पेय म्हणून घ्यायचाच असेल तर एका मोठ्या पेल्याभर पाण्यात एक ते दोन चहाचे चमचे, जेवणाबरोबर. निव्वळ सिरका कधीही पिऊ नये. खालाच्या घशाची जळजळ दोन महिने गेली नव्हती, ती त्यामुळेच. दातांचे एनॅमल आम्लाने झिजते आणि ते परत येत नाही, म्हणून सिरका घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. मिसवाकही थोडी थांबून. रमजानमध्ये काही घरांत सेहरीला किंवा खजुराच्याही आधी सिरक्याचे पाणी पिण्याची नवी पद्धत आली आहे. रिकाम्या पोटावर, दिवसभराच्या रोज्यानंतर! ज्यांना ॲसिडिटी किंवा अल्सर आहे त्यांनी तर हे करूच नये.

जास्त घेतला तर काय होते याचे एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेले आहे. ऑस्ट्रियातील २८ वर्षांची एक स्त्री सहा वर्षे रोज सुमारे पाव लिटर सफरचंदाचा सिरका पीत असे. तिच्या रक्तातले पोटॅशियम धोकादायक इतके घटले आणि हाडे त्या वयात ठिसूळ झाली. १९९८ मध्ये डॉक्टरांनी ही हकिकत छापली. पाव लिटर आपण कुणी पीत नाही, खरे आहे. पण रक्तदाबासाठी किंवा पायाच्या सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच कमी झालेले असू शकते. त्यांनी रोजचा सिरका सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी नक्की. गरोदर बहिणींनी घरचा, न उकळलेला सिरका टाळावा. आणि मुरुमांवर कापसाने निव्वळ सिरका लावणाऱ्या मुलींनो, माझ्या वर्गातल्या एकीचा गाल त्याने भाजला होता. पंधरा दिवस ती ओढणी गालावर ओढून येत असे.

एका वाचक भगिनीने मागे विचारले होते की युनानीत सिकंजबीन असते, म्हणजे मध आणि सिरक्याचे सरबत, मग ते औषधच नाही का? सिकंजबीन खरेच जुने आहे आणि हकीमसाहेब ते देतात. पण चांगला हकीम नाडी पाहून, आजार विचारून, मात्रा ठरवून देतो, आणि तुम्ही आधी कोणत्या गोळ्या घेता हेही विचारतो. मासिकाच्या कोपऱ्यातले वाक्य यातले काहीच विचारत नाही. मधुमेह असेल तर त्या सरबतातला मध विसरू नका.

खाला घरी आली त्या दिवशी फ्रिजवरचा कागद मी काढायला गेले. तिने हात धरला. "राहू दे, तुझं नाव आहे त्यावर." शेवटी तडजोड झाली. नाव राहिले, खालचे वाक्य मी कात्रीने कापले आणि त्याजागी गोळ्यांच्या वेळा लिहून लावल्या. सकाळी आठ, रात्री आठ, इन्सुलिन रात्री साडेआठ. तिच्या सुनेने त्याखाली पाय रोज रात्री दिव्याखाली बघण्याचे लिहिले आहे, तळवे, बोटांच्या मधली जागा, टाचा. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे आजच सुरू करावे. आरसा जमिनीवर ठेवला तर एकट्या माणसालाही तळवा दिसतो. खालाला मी सिरका पुन्हा द्यायचा का, हे मी तिच्या डॉक्टरांनाच विचारले. जेवणात कांद्याबरोबर चमचाभर चालेल, पाण्यातून प्यायचा नाही, असे ते म्हणाले.

ज्यांनी माझा तो जुना लेख जपून ठेवला असेल त्यांना विनंती, शेवटचे वाक्य खोडा. आणि कुणी त्या वाक्यावर विसंबून गोळी कमी केली असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, शुगर तपासून घ्या. घरच्या मशीनवर सकाळचा एक आकडा चांगला आला म्हणजे सगळे ठीक, असे नसते.

आता कांदा. दोन मध्यम कांदे किंवा पंधरा-वीस छोटे कांदे सोलून घ्या. मोठे असतील तर चार फाका करा, छोट्यांना वरून अधिक चिन्हासारखी चीर द्या, मुळाकडून अखंड ठेवा. बरणीत अर्धा कप सिरका, अर्धा कप पाणी, एक चहाचा चमचा मीठ, बिटाची एक चकती, दोन लवंगा आणि एक हिरवी मिरची. काही जण साखर घालतात, खालासाठी मी घालत नाही. कांदे बुडतील असे भरा, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात. आठवड्याच्या आत संपवा, आमच्याकडे तीन दिवसही टिकत नाहीत. मागच्या जुम्म्याला खाला जेवायला होती, डाळगोश्त आणि तांदळाची भाकरी केली होती. तिने भाकरीचा तुकडा सरळ बरणीतल्या सिरक्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, कांद्यापेक्षा हेच बरे लागते.